‘जो’ गेला, ‘तो’ राहिला : इंग्रजीत दोन वाक्यं जोडताना मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

या वेळचा विषय माझ्या पीएचडीच्या अगदी गाभ्यातला आहे. तो शाळेत तुम्हीही शिकलाय, फक्त तेव्हा त्याचं नाव ‘जॉइन द सेन्टेन्सेस युझिंग हू, विच ऑर दॅट’ असं होतं. दोन मार्कांचा प्रश्न. सोडवला, मार्क मिळाले, विसरून गेलो.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींना इंग्रजी लेखन शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातले, माझ्यासारखेच. गेल्या वर्षी एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचं पत्र तपासायला दिलं. त्यातला एक तुकडा असा होता (इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहिते आहे):

‘आय स्टडीड इन अ स्कूल. द स्कूल हॅड ओन्ली टू टीचर्स. वन टीचर टॉट अस मॅथ्स. ही रिटायर्ड. आफ्टर दॅट, देअर वॉज नो मॅथ्स टीचर.’

लाल पेन हातात घेऊन मी बसले, आणि खूण करायला जागाच मिळेना. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, सगळं बरोबर. तरीही पत्र वाचून होईपर्यंत त्यातलं दुःख माझ्यापर्यंत पोचलं नाही. पाच वाक्यं, पाचही सारख्या वजनाची. शाळा होती हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच गणिताला शिक्षक उरला नाही हेही. अर्ज वाचणाऱ्याने यातलं काय लक्षात ठेवायचं?

मला हे लगेच ओळखू आलं, कारण माझ्या पहिल्या संशोधन-निबंधावर माझ्या मार्गदर्शकांनी जवळपास हेच म्हटलं होतं: व्याकरण ठीक आहे, पण युक्तिवाद तुकड्यातुकड्यांत येतोय. मी चुका टाळायला शिकले होते, आणि त्यासाठी ज्या वाक्यांत चूक होऊ शकते ती वाक्यंच लिहिणं सोडून दिलं होतं.

चूक नाही म्हणजे येतंय, असं नाही

या सवयीवर 1974 साली जॅकलिन शॅक्टर या संशोधिकेने एक लेख लिहिला, आणि तो आमच्या क्षेत्रात आजही वाचला जातो. तोवर अभ्यासाची रीत अशी होती की, विद्यार्थ्यांच्या चुका मोजायच्या. जिथे चुका जास्त, तिथे अडचण जास्त. शॅक्टर यांनी चार मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध घेतले आणि त्यातली फक्त विशेषण-वाक्यं मोजली, म्हणजे नामाबद्दल काही सांगणारी, ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ने जोडलेली गौण वाक्यं.

फारसीभाषकांनी अशी 174 वाक्यं लिहिली, त्यात 43 चुकली. अरबीभाषकांनी 154 लिहिली, 31 चुकली. चिनीभाषकांनी 76 लिहिली, 9 चुकली. जपानीभाषकांनी 63 लिहिली, फक्त 5 चुकली. नुसत्या चुका बघितल्या तर जपानी विद्यार्थी सगळ्यांत हुशार. पण आता दुसरा आकडा बघा: त्यांनी ही रचना वापरलीच किती कमी! फारसी आणि अरबी भाषांत विशेषण-वाक्य इंग्रजीसारखंच नामाच्या मागून येतं, म्हणून ते विद्यार्थी बिनधास्त लिहीत होते आणि चुकत होते. चिनी-जपानीत ते नामाच्या आधी येतं. त्या विद्यार्थ्यांना रचना अवघड वाटत होती, म्हणून ते तिला वळसा घालून जात होते.

याला आम्ही ‘टाळणं’ म्हणतो. टाळण्याची गंमत म्हणजे ते वहीत दिसतच नाही. लाल शाई चुकीवर उमटते, न लिहिलेल्या वाक्यावर ती उमटणार कशी?

मराठीत आपण हे कसं करतो?

आता आपल्याकडे येऊ. ही दोन वाक्यं घ्या: ‘काल एक मुलगा आला. तो माझा भाऊ आहे.’ जोडा बरं. मराठी माणसाकडे यासाठी दोन सरळ वाटा आहेत.

पहिली: ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.’ इथे आपण अख्खं वाक्य दाबून त्याचं विशेषण केलं आणि नामाच्या आधी बसवलं. ‘आलेला’, ‘येणारा’, ‘बसलेली’, ‘वाचत असलेलं’ ही सगळी त्याच कारखान्यातली. चिनी-जपानीसारखीच वर्णन आधी, नाम नंतर अशी ही रांग आहे. कानडी, तेलुगू वगैरे आपल्या द्राविड शेजाऱ्यांकडेही हीच चाल मुख्य आहे.

दुसरी: ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.’ ही जो-तोची जोडी. संस्कृतातल्या ‘यः-सः’पासून चालत आलेली. इथे वाक्य दाबलेलं नाही, पूर्णच्या पूर्ण ठेवलं आहे. ‘जो’ने धागा टाकायचा, ‘तो’ने तो पकडायचा.

जो-तो आपल्याला इतका सवयीचा आहे की जगभर असंच असेल असं वाटतं. तसं मुळीच नाही. ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या प्रकल्पात मॅथ्यू ड्रायर यांनी 824 भाषांमध्ये विशेषण-वाक्य कुठे बसतं याचा नकाशा केला आहे. त्यातल्या 579 भाषांत ते नामाच्या नंतर येतं, 141 भाषांत नामाच्या आधी. आणि जो-तोसारखी जोडी हीच मुख्य रीत असलेल्या भाषा किती? फक्त 7. म्हणजे आपल्या बोलण्यातली ही रोजची गोष्ट जगाच्या हिशेबात दुर्मिळ आहे.

इंग्रजीत काय घडतं?

इंग्रजीत तेच वाक्य असं होतं: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.’

नीट बघा. नाम पहिल्यांदा: ‘द बॉय’. त्याला चिकटून लगेच गौण वाक्य: ‘हू केम यस्टरडे’. मग मुख्य वाक्याचा उरलेला भाग: ‘इज माय ब्रदर’. गौण वाक्य मुख्य वाक्याच्या पोटात शिरलंय. आणि ‘तो’ कुठेच नाही.

आपली पहिली चूक इथेच होते. ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. त्यातला ‘ही’ कुठून आला? तो आपला ‘तो’ आहे! मराठीत ‘जो’ म्हटल्यावर ‘तो’ म्हटलं नाही तर वाक्य लोंबकळतं. म्हणून मनातला ‘तो’ इंग्रजीतही हजेरी लावतो. हा अज्ञानाचा पुरावा नाही, एका नियमाची इमानदारी आहे. फक्त नियम दुसऱ्या घरचा.

दुसरी चूक: ‘द पेन हू आय बॉट’. मराठीत जो-जी-जे ठरतं ते नामाच्या लिंगावरून. ‘जो मुलगा’ आणि ‘जो दगड’ यांत आपण फरक करत नाही. इंग्रजी मात्र विचारते, माणूस की वस्तू? माणसाला ‘हू’, वस्तूला ‘विच’. ‘दॅट’ दोघांनाही चालतं. म्हणजे प्रश्नच वेगळा विचारला जातोय, आणि आपण जुन्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

तिसरी, आणि सगळ्यांत चिवट: ‘द चेअर विच आय सॅट वॉज ब्रोकन.’ हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यातून ‘वर’ गळून पडलंय. मराठीत ‘ज्या खुर्चीवर मी बसले’ असं म्हणताना ‘वर’ खुर्चीला चिकटलेलं असतं, हरवायची भीतीच नाही. आणि ‘मी बसलेली खुर्ची’ म्हटलं तर ‘वर’ चक्क गायब होतं, तरी कोणाला काही खटकत नाही. इंग्रजीत असं चालत नाही. एकतर ‘द चेअर ऑन विच आय सॅट’ म्हणा, नाहीतर ‘द चेअर विच आय सॅट ऑन’. ‘ऑन’ला कुठेतरी जागा द्यावीच लागते.

भोकाची गोष्ट

या तिन्ही चुकांवर एकच उपाय मी वर्गात सांगते. मुलं हसतात, पण लक्षात ठेवतात: इंग्रजी विशेषण-वाक्याला एक भोक असतं.

पायऱ्या अशा. दोन वाक्यं समोर ठेवा: ‘द चेअर वॉज ब्रोकन. आय सॅट ऑन इट.’

एक, दोन्ही वाक्यांत एकाच वस्तूकडे बोट दाखवणारे शब्द शोधा. इथे ‘द चेअर’ आणि ‘इट’.

दोन, जे वाक्य गौण करायचं, त्यातला तो शब्द उचला. ‘आय सॅट ऑन ___.’ झालं भोक. ते तसंच उघडं ठेवायचं, पुन्हा बुजवायचं नाही. ‘विच आय सॅट ऑन इट’ असं म्हटलं की भोक बुजलं, चूक झाली.

तीन, उचललेल्या शब्दाच्या जागी ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ घ्या आणि गौण वाक्याच्या तोंडाशी ठेवा: ‘विच आय सॅट ऑन ___’.

चार, हा सगळा डबा उचलून मुख्य वाक्यातल्या त्या नामाच्या लगेच मागे जोडा: ‘द चेअर विच आय सॅट ऑन वॉज ब्रोकन.’

भोक कर्त्याच्या जागी नसेल तर ‘विच’ गाळलात तरी चालतं: ‘द चेअर आय सॅट ऑन’. पण भोक कर्त्याच्याच जागी असेल तर गाळता येत नाही. ‘द बॉय केम यस्टरडे इज माय ब्रदर’ म्हटलं की ऐकणारा ‘केम’लाच मुख्य क्रियापद समजतो आणि पुढे ठेचकाळतो.

मराठीतून येणाऱ्यांसाठी आणखी एक जवळची पायवाट आहे. आधी मनात जो-तोचं वाक्य करा: ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.’ मग नाम पुढे ओढा आणि ‘तो’ पुसा: ‘मुलगा, जो काल आला, माझा भाऊ आहे.’ मराठीत हे कानाला अनुवादासारखं लागतं ना? लागू द्या. शब्दांची रांग इंग्रजीत तशीच लागते. म्हणूनच ‘इंग्रजीत विचार करा’ हा सल्ला मला फारसा पटत नाही. जो-तो येणाऱ्या माणसाकडे निम्मी रचना आधीच आहे. तिथून सुरुवात करायला लाज कसली?

कोणतं वाक्य मुख्य?

शाळेत आपल्याला फक्त जोडायला शिकवलं. कोणतं वाक्य गौण करायचं, हे कोणी सांगितलं नाही. पण अर्थ तिथेच ठरतो.

‘अ गर्ल कॉल्ड मी. शी लिव्हज इन सातारा.’ याची दोन वाक्यं होऊ शकतात. ‘द गर्ल हू कॉल्ड मी लिव्हज इन सातारा’, म्हणजे फोन आला होता हे तुम्हाला माहीतच आहे, बातमी अशी की ती साताऱ्याची. आणि ‘द गर्ल हू लिव्हज इन सातारा कॉल्ड मी’, म्हणजे साताऱ्याची मुलगी आपल्या दोघांना माहीत आहे, बातमी अशी की तिचा फोन आला. ढोबळ नियम असा: वाचणाऱ्याला जे आधीच माहीत आहे किंवा जे ओळख पटवण्यापुरतं हवंय ते गौण वाक्यात, आणि जे सांगायला तुम्ही तोंड उघडलंय ते मुख्य वाक्यात.

स्वल्पविरामाचंही तसंच. ‘द स्टुडंट्स हू फेल्ड मस्ट पे द फी अगेन’, म्हणजे जे नापास झाले त्यांनीच फी भरायची. ‘द स्टुडंट्स, हू फेल्ड, मस्ट पे द फी अगेन’, म्हणजे सगळेच नापास, सगळ्यांनीच भरायची. दोन स्वल्पविरामांनी अख्खा वर्ग नापास! आपला ‘जे विद्यार्थी नापास झाले, ते’ नेहमी निवडून काढतो, त्याचा अर्थ पहिल्या वाक्यासारखा. म्हणून जो-तोच्या सवयीने ‘हू’च्या आधी स्वल्पविराम टाकायचा मोह आवरा.

सोपं आधी की अवघड आधी?

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. 1977 मध्ये एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी सुमारे पन्नास भाषा तपासून एक शिडी मांडली. विशेषण-वाक्यातलं भोक कुठे असू शकतं, याची. सगळ्यांत वरची, सोपी पायरी कर्त्याची. मग कर्माची. मग ‘ज्याला दिलं’ त्याची. मग ‘ज्याच्यावर, ज्याच्याबरोबर’ यांची. मग ‘ज्याचा’ची. सगळ्यांत खाली तुलनेची, ‘मी ज्याच्यापेक्षा उंच आहे तो मुलगा’. एखादी भाषा कर्त्यासाठी वापरायच्या रीतीने एखादी खालची पायरीही करू शकत असेल, तर त्याच रीतीने वरच्या पायऱ्याही करू शकते, असा त्यांचा दावा.

मराठीवर लावून बघा. जो-तो शिडीच्या तळापर्यंत उतरतो. ‘आलेला-येणारा’ची रीत मात्र मध्येच दमते. ‘मी ज्याच्याबरोबर गेले तो मित्र’ हे ‘मी गेलेला मित्र’ असं म्हणता येईल का? आणि ‘मी ज्याच्यापेक्षा उंच आहे तो मुलगा’ हे ‘मी उंच असलेला मुलगा’? नाहीच. म्हणून आपली भाषा दोन्ही रीती सांभाळून आहे: पटकन सांगायला एक, गुंतागुंतीला दुसरी.

ही शिडी परकी भाषा शिकणाऱ्यांनाही लागू पडते का, हे सुसान गॅस यांनी 1979 मध्ये तपासलं. कसं, माहितीये? वेगवेगळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांना दोन-दोन इंग्रजी वाक्यं देऊन ती जोडायला सांगितली. आपला दोन मार्कांचा प्रश्न! मातृभाषा कुठलीही असो, पायरी खालची तसं यश साधारणपणे कमी, असं दिसलं. अपवाद ‘हूज’चा, म्हणजे ‘ज्याचा’चा. शिडीवर तो खाली आहे, पण विद्यार्थ्यांना अपेक्षेपेक्षा बराच चांगला जमला.

मग 1988 मध्ये फ्रेड एकमन, लॉरेन्स बेल आणि डायन नेल्सन यांनी पुढचा प्रश्न विचारला. विद्यार्थ्यांचे गट करून एका गटाला फक्त कर्त्याची पायरी शिकवली, एकाला कर्माची, एकाला ‘ऑन विच’सारखी शब्दयोगी पायरी. ज्यांना अवघड पायरी शिकवली त्यांना न शिकवलेल्या सोप्या पायऱ्याही जमू लागल्या. ज्यांना फक्त सोपी शिकवली, त्यांना अवघड पायरी तशी आपोआप आली नाही.

अशा अभ्यासांतले गट लहान असतात, त्यामुळे उद्यापासून पाठ्यपुस्तक उलटं छापा, असं मी म्हणणार नाही. पण आपण बहुधा ‘द बॉय हू केम’पाशी सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. थोडं खालून सुरू करून बघायला हरकत काय? माझ्या वर्गात मी आता पहिल्याच दिवशी मोडकी खुर्ची आणते. फळ्यावर, अर्थात. (माझं स्वतःचं संशोधन याच प्रश्नावर आहे. नोंदी अजून गोळा होताहेत, त्यामुळे निष्कर्ष आत्ताच विचारू नका!)

पत्राचं काय झालं?

त्या मुलीला मी नवं वाक्य लिहून दिलं नाही. फक्त विचारलं, ‘यातलं कुठलं वाक्य तुला त्या लोकांनी लक्षात ठेवायला हवंय?’ तिने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. ‘मग बाकीची त्याच्या कामाला लाव.’ तासाभराने तिने हे आणलं:

‘आय स्टडीड इन अ स्कूल दॅट हॅड ओन्ली टू टीचर्स. द वन हू टॉट अस मॅथ्स रिटायर्ड. आफ्टर दॅट, देअर वॉज नो मॅथ्स टीचर.’

पाचाची तीन झाली. दोन शिक्षकांपैकी कोण गेला हे ‘हू टॉट अस मॅथ्स’ने सांगितलं, आणि तिथे तिने स्वल्पविराम टाकला नव्हता, बरोबर केलं. शेवटचं वाक्य तिने जोडलं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, ‘मॅडम, ते एकटंच असू दे.’

मला हेच सांगायचं होतं. छोटी वाक्यं वाईट नसतात. जोडता येत असूनही एखादं वाक्य एकटं ठेवणं ही निवड आहे. जोडताच येत नाही म्हणून सगळीच एकटी ठेवणं ही अडचण आहे, आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. तुमच्या घरात कोणाची इंग्रजीची वही अगदी स्वच्छ, बिनचूक असेल, तर शाबासकी द्याच. पण एकदा त्यात ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ किती आहेत तेही मोजून बघा. फारच कमी निघाले तर त्याला चार-दोन चुका करायला सांगा.

पुढच्या लेखात ‘हूज’बद्दल: शिडीवर खाली असूनही तो सोपा का जातो? तोवर मोडक्या खुर्च्यांवर सराव करा.